तिजोरीत मारलेले आजोबा

माझ्या नवऱ्याला त्या माणसाने तिजोरीत कोंडून मारलं, आणि ही बातमी मला मिळाली संध्याकाळी सहा वाजता, नवरा समोर बसून चहात बिस्किट बुडवत असताना.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही वारलात."

"कधी?" बिस्किट तुटून पडायच्या आत त्यांनी मान वाकवून ते तोंडात घेतलं.

"नात नऊ वर्षांची होती तेव्हा."

"मग ही आठ वर्षं मी कुणाच्या वाटणीचं जेवतोय?"

एरवी मी पोट धरून हसले असते. पण नात फोन हातात धरून दारात उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मी हातातली कपबशी खाली ठेवली.

आमच्या नातीला घरात सगळे कानस म्हणतात. कानस म्हणजे धातू घासायचं हत्यार. आमचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर. दुकान एवढं अरुंद, की जाडा गिऱ्हाईक आत आला तर त्याला वळता येत नाही, उलटा चालत बाहेर जातो. त्या दुकानात ही पोर सहाव्या वर्षापासून कानस चालवतेय. एखाद्या गोष्टीमागे लागली की समोरचा गुळगुळीत होईपर्यंत सोडत नाही, म्हणून नाव पडलं.

तर ही कानस अमेरिकेच्या मागे लागली होती. तिला धातूंचं शास्त्र शिकायचं होतं, तेसुद्धा तिकडच्या त्या बड्या विद्यापीठांत, जिथे शंभर पोरं दार ठोठावतात आणि चार-पाच आत घेतात म्हणे. तिला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जमणार होतं. एकच अर्ज पाच ठिकाणी जायचा, त्यातलं एक ठिकाण तिच्या जिवाचं. त्या ठिकाणच्या प्रयोगशाळेचा फोटो तिने गिरमिटाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. पेटी उघडली की अमेरिका, मिटली की आपलं दुकान.

मार्क होते, परीक्षा झाल्या होत्या, गणिताच्या बाईंनी पत्र दिलं होतं. राहिला होता निबंध. 'तू कोण आहेस ते सांग' असा निबंध. आणि त्यासाठी माझ्या मुलाने तिला सल्लागाराकडे घातलं.

सल्लागाराचं ऑफिस सहाव्या मजल्यावर. आत इतकं गार, की माझे दात एकमेकांशी गप्पा मारायला लागले. खुर्ची एवढी मऊ, की बसले ती थेट पाचव्या मजल्यावर निघते की काय वाटलं. भिंतभर दात काढून हसणाऱ्या पोरांचे फोटो. मुलगा आणि सून दोघंही इस्पितळात नोकरीला, दोघांची दिवसपाळी, म्हणून मोठं माणूस म्हणून मी गेले होते.

कानसने निबंध आधीच लिहिला होता. तो झिजलेल्या किल्लीवर होता. लोक झिजलेली किल्ली आणतात आणि म्हणतात, अशीच दुसरी करून द्या. आम्ही अशीच करून देतो. म्हणजे झीजसुद्धा जशीच्या तशी उतरवतो. मग त्या नकलेची नक्कल होते, आणि चौथी किल्ली कुलपात नुसती गरगर फिरते. कानसने काय केलं, शेकडो किल्ल्या मोजल्या, प्रत्येक खाच कारखान्यातून निघताना किती खोल असणार याचा तक्ता बनवला, आणि झिजलेल्या किल्लीवरून नवी कोरी मूळ किल्ली घासून काढली. सतरा बिघडल्या, अठरावी लागली. तेवढंच लिहिलं होतं पोरीने. वाचताना मला धातूचा वास आला.

सल्लागाराने वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"छान आहे. पण यात रडू कुठे आहे?"

"किल्लीत?" कानस म्हणाली.

"तुझ्या आयुष्यात. बघ, तिकडे बसलेला माणूस एका निबंधाला तीन मिनिटं देतो. तेवढ्यात तो हलला पाहिजे. घरात काही घडलंय? आग? पूर? बाबा पितात?"

"पितात. चहा. दिवसातून नऊ वेळा."

त्याने सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळला. "आजी, तुम्हीच सांगा. घरात काहीतरी झालंच असेल."

आता, मला असं विचारायचं नसतं. मला कुणी वेळ विचारली तर मी घड्याळाची गोष्ट सांगते. मी पदर सावरून बसले आणि सांगितलं, की ह्यांना एकदा एका सराफाची तिजोरी दुरुस्त करायला बोलावलं होतं. तिजोरी खोलीएवढी. हे आत शिरले आणि दार धाडकन बंद. तीन दिवस आत! मी किल्लीच्या भोकातून नूडल्सची एकेक दोरी आत सोडायची आणि हे पलीकडून ओढून घ्यायचे. भोकाला तोंड लावून हे सांगायचे, "डावीकडची खाच जरा खोल घे," आणि मी बाहेर बसून घासायची. चौथ्या दिवशी दार उघडलं तर दाढी बेंबीपर्यंत. बाहेर येऊन पहिलं वाक्य काय, तर "मीठ कमी होतं."

ही गोष्ट आमच्या कानसने चार वर्षांची असताना रोज ऐकली आहे. दाढी दर वेळी वाढते. ऐकणारा हसतो, मी हसते, आणि हे दुकानातून ओरडतात, "दाढी नव्हती गं, मिशी!"

सल्लागार हसला नाही. तो लिहीत होता. तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं, पण मी आपली खुशीत. म्हटलं, बरा ऐकणारा भेटला.

दुसरी चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. त्याने एक कागद पुढे केला. अर्जासाठी नवा ईमेल तो उघडून देणार, पासवर्ड त्याच्याकडेही राहणार. कानस जरा थबकली. घरी आल्यावर तिने आजोबांना विचारलं, तर हे म्हणाले, "कुलूप दुरुस्तीला टाकताना किल्ली बरोबर द्यावीच लागते. नाहीतर कारागीर काय डोकं आपटणार?" आम्हाला ते पटलं आणि आम्ही सही केली. कारण आमच्या दुकानात तसंच चालतं. गिऱ्हाईक कुलूप देतं, किल्ली देतं, आणि काम झालं की दोन्ही परत नेतं. नक्कल आम्ही ठेवत नाही. बिघडलेली किल्लीसुद्धा मालकाच्या डोळ्यांसमोर कापून दोन तुकडे करतो. आम्हाला वाटलं, जग असंच काम करतं. चाळीस वर्षं कुलपं विकली आणि एवढी अक्कल आली नाही!

तर तीन महिन्यांनी त्या संध्याकाळी, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, त्याने निबंध पाठवला. सोबत लिहिलं, 'शेवटचा मसुदा, फक्त नजर टाक.' कानसने तो आम्हाला मराठीत सांगितला. आजोबा तिजोरीत अडकले. नऊ वर्षांची नात बाहेर बसून इवल्याशा हातांनी किल्ली घासत होती. बोटांतून रक्त. आतून आजोबांचा आवाज बारीक बारीक होत गेला. किल्ली लागली तेव्हा आत आवाज नव्हता. आणि त्या दिवसापासून त्या मुलीने शपथ घेतली, आणि गरीब विधवांना फुकट कुलपं वाटणारी संस्था काढली.

"संस्था?" हे म्हणाले. "कुठेय? मला दोन कुलपं हवीत."

"तुम्ही गप्प बसा, तुम्ही मेलायत," मी म्हटलं. "मी ह्यांना बाहेर काढलं होतं. त्या मेल्याने आतच मारलं!"

"आज्जी, सगळं तुझ्यामुळे झालंय," कानस म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मी किल्लीवर लिहिलं होतं. तू तिजोरी आणलीस."

मी चहाचं भांडं उचलून ओट्याकडे वळले.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला, त्याने उभ्याउभ्या ऐकलं आणि बूट काढत म्हणाला, "जाऊ दे ना आई. सगळी मुलं असंच पाठवतात. आणि तू बोलतेस? तू जन्मभर काय केलंस?"

असा राग आला मला, की चहाचं भांडं हातातच गरम झालं असेल. "मी थापा मारते," मी म्हटलं, "आणि समोरच्याला माहीत असतं की म्हातारी थापा मारतेय. तो हसत घरी जातो. माझ्या थापेने कुणाची जागा गेली नाही. हा माणूस तुझ्या मुलीच्या सहीने खोटं विकतोय! उद्या कुणी विचारलं, आजोबा कुठल्या साली गेले, तर ती काय सांगेल? मध्येमध्ये जातात म्हणून?"

कानस मात्र जमिनीवर बसली होती, फोनकडे बघत. "वाईट काय माहितेय?" ती म्हणाली. "चांगलं लिहिलंय गं. मी वाचताना रडले. माझं पाठवलं आणि नाही झालं तर मला जन्मभर वाटेल, ते पाठवायला हवं होतं."

मुलाने हातातला बूट खाली ठेवला.

मग तिने निबंधासोबत आलेली भरलेल्या अर्जाची प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटी एक चौकट होती, खूण करायची. 'हे सगळं खरं आहे आणि मी स्वतः लिहिलंय.' ती ओळ तिने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाली, "नाही. मी ह्याच्यावर खूण करणार नाही." आणि स्वतःचा निबंध घालायला गेली, तर पासवर्ड चालेना. सल्लागाराने बदलला होता. फोन केला तर गोड आवाजात म्हणाला, "उद्या दुपारी बाराला मुदत आहे. साडेअकराला मी स्वतः पाठवतो, खूणही मीच करतो. तू निवांत राहा."

खूणही मीच करतो! ऐकलंत?

सकाळी साडेनवाला आम्ही तिघं निघालो. हे दुचाकी लावायला मागे राहिले, आणि वर लिफ्टने येत नाहीत. आयुष्यात इतक्या अडकलेल्या लिफ्टा उघडल्यात, की विश्वास उडालाय. आम्ही दोघी वर पोचलो तर बाहेरच्या खोलीत तीन-चार आईबाप पोरं घेऊन बसलेले, सगळे शवागाराबाहेर बसल्यासारखे गप्प. सल्लागार आत कुणाशी तरी बोलत होता. टेबलामागची मुलगी म्हणाली, "वेळ ठरवलीय का?"

"वेळ अमेरिकेने ठरवलीय," मी म्हटलं, "बाराची."

बसले. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर फाइल. मी विचारलं, "तुमच्याकडे कोण मेलं?"

"अं?"

"निबंधात. आमच्याकडे माझा नवरा मेला."

ती आधी दचकली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मला कॅन्सर झाला होता."

"अरे देवा. कधी?"

"झाला नव्हता हो. पण सर म्हणाले, बरा झालेला दाखवू, म्हणजे शुभ वाटेल."

तिच्या शेजारचा मुलगा मान खाली घालून नखं कुरतडत होता. त्याचे कान लालभडक. मला त्या बाईचा राग येईना आणि पोराचाही येईना. सगळा राग त्या काचेच्या दाराकडे गेला.

दार उघडलं. सल्लागाराने आम्हाला बघितलं आणि हसला. "अरे, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"सर, माझा पासवर्ड द्या," कानस म्हणाली.

"आत बसून बोलू."

"इथेच द्या. मला माझा निबंध पाठवायचाय."

"हे बघ बेटा, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस. तुझा किल्लीचा निबंध एखाद्या सूचनापत्रासारखा आहे. मी तुझ्या भल्यासाठी करतोय. असे शेकडो पाठवलेत मी."

"शेकडो मारलेत," मी म्हटलं.

"आजी, गोष्ट तुम्हीच सांगितलीत."

"मी सांगितली तेव्हा तो जिवंत बाहेर आला होता! मीठ कमी होतं म्हणाला होता! ते कुठे गेलं?"

"विनोदाने परिणाम जातो," तो म्हणाला. अगदी शांतपणे. दगडाने सुद्धा इतकं शांत बोलू नये.

तेवढ्यात जिन्याचं दार ढकलून हे आत आले. सहा मजले चढून आलेले, घामाघूम, खांद्यावर हत्यारांची पिशवी, छातीचा भाता झालेला. एका हाताने भिंत धरली आणि टेबलामागच्या मुलीला म्हणाले, "पोरी, पाणी दे गं. जीव जातोय."

"हे बघा," मी त्या खोलीतल्या सगळ्यांना म्हटलं, "हेच ते. आठ वर्षांपूर्वी तिजोरीत गेलेले. पुन्हा जायच्या बेतात आहेत, तुमच्याच समोर."

कॅन्सर झालेली बाई फिस्सकन हसली. मग तोंडावर हात ठेवला. एक बाप उठला आणि सल्लागाराला म्हणाला, "सर, आमच्या मुलाचंही काही... म्हणजे आम्हाला अजून वाचायला मिळालं नाहीये." दुसरी आई म्हणाली, "आम्हालाही नाही." आणि ती चिडीचूप खोली एकदम बाजार झाली.

सल्लागाराचा चेहरा पहिल्यांदा हलला. तो पटकन म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे, या आत, देतो." कानस आत गेली. मी मागोमाग. त्याने एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि पुढे सरकवला.

कानस उठली नाही. "आता तो निबंध पुसा."

"पुसतो नंतर."

"माझ्यासमोर. तो माझ्या नावाचा आहे. तुमच्याकडे राहायचा नाही." आजोबांसारखाच सूर. गिऱ्हाईक समोर असताना बिघडलेली किल्ली कापताना हे बोलतात तसा. "अर्जातला पुसा. तुमच्या मशीनमधला पुसा. आणि ती छापील प्रत फाडा."

"ही तुमची काय पद्धत आहे?" तो वैतागला.

"हो," कानस म्हणाली. "आमची पद्धत आहे."

त्याने पुसला. कागद तिने स्वतः फाडला, दोन तुकडे, मग चार. तिथेच उभ्याने फोनवर पासवर्ड बदलला. तो म्हणाला, "तुझं कुठेच झालं नाही तर आमचं नाव घेऊ नकोस." ती म्हणाली, "झालं तरी घेणार नाही, सर." सर म्हणाली हो अजून! मी असते तर काय म्हटलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुकानात पोचलो तेव्हा पावणेअकरा. गल्ल्यामागचा जुना संगणक चालू व्हायला सात मिनिटं घेतो, त्या दिवशी त्याने नऊ घेतली, मुद्दाम. कानस निबंध उघडून बसली. सल्लागाराने म्हटलेलं डोक्यात घुसलं होतंच, सूचनापत्र म्हणे. ती वाचायची, एक ओळ काढायची, पुन्हा घालायची. मला राहवेना.

"अठरावी किल्ली लागली तिथे जरा वाढव ना. गिऱ्हाईक रडायला लागलं म्हणून लिही. आनंदाने."

"आज्जी."

"बरं, डोळे पाणावले म्हण. एका डोळ्यात."

"आज्जी, तू बाहेर बस."

बाहेर बसले. स्टुलावर. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी जवळजवळ हाकललंच. हे आत मोडक्या कुलपाशी खेळत होते, पण त्यांनी एकदाही स्क्रू फिरवला नाही, मी बघत होते. बाराला नऊ कमी असताना आतून एक टिचकी ऐकू आली. कानस बाहेर आली आणि म्हणाली, "गेला."

"काय लिहिलंस शेवटी?"

"जे होतं तेच. गिऱ्हाईक काय म्हणालं तेवढं घातलं."

"काय म्हणालं होतं?"

"'लागली.' तेवढंच म्हणाला आणि गेला."

माझ्याशी ती त्यानंतर चार दिवस नीट बोलली नाही. मी तिजोरीची गोष्ट त्या घरात पुन्हा काढली नाही. ह्यांनी एकदा सहज मिशीवरून विषय काढला, तर मी डोळे वटारले.

वसंतात उत्तरं यायला लागली. पहिलं आलं ते त्या जिवाच्या ठिकाणचं. दुपारची वेळ, दुकानात एक माणूस किल्ली करायला उभा. फोन वाजला, तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं, वाचलं, आणि फोन उपडा ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

मी पत्र वाचून घेतलं तिच्याकडून. यंदा फारच गुणी मुलांनी अर्ज केले, तुझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. एवढंच! किल्लीबद्दल एक शब्द नाही, सतरा बिघडल्या त्याबद्दल एक शब्द नाही. वाचलं तरी होतं का मेल्यांनी?

"कुणी लिहिलंय हे? नंबर दे त्याचा."

"अगं, तिकडे झोपले असतील," हे म्हणाले.

"उठवते. तीन मिनिटं देतात म्हणे! मी तीन तास देते, बघू कोण हलतं ते!"

"आज्जी, अजून चार ठिकाणं आहेत."

"आणि त्यांनीही असंच पाठवलं तर? तिकडे तो कॅन्सरवाला पोरगा आत जाईल आणि तू इथे—" त्या पोराचे लाल कान आठवले आणि त्याचाही राग धड करता येईना.

कानसने समोरच्या माणसाची किल्ली उचलली, उजेडात धरली. डोळे भरलेले होते, पण हात स्थिर होता.

"तर मला नाही म्हणतील," ती म्हणाली. "मला. त्या तिजोरीवालीला नाही." आणि गिऱ्हाइकाला, "काका, ही फार झिजलीय. मूळ मापाची करून देऊ? अर्धा तास लागेल."

"कर की," तो माणूस म्हणाला आणि माझ्याकडे बघून हळूच एक पाऊल मागे सरकला.

ती घासायला लागली. हे तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मला तसलं समजूतदार काही सुचत नव्हतं. मला त्या पत्राला कडकडून चावायचं होतं. मी शटरची दोरी धरून रस्त्यावर जाऊन उभी राहिले, आणि आलेगेले बघत होते तरी अमेरिकेच्या सात पिढ्यांचा मोठ्याने उद्धार केला. पलीकडचा न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकत होता, आणि त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने घरी गेलं.